हातसफाई

दिनांक अकरा मार्च, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत चोवीस विद्यार्थी आपापल्या कानशी घेऊन उभे होते. त्यांत दोघी जुळ्या बहिणी. सात मिनिटे आधी जन्मली म्हणून एक थोरली, दुसरी धाकटी. पहिल्या सत्रात धाकटी वर्गात पहिली आली आणि थोरली दोन विषयांत नापास झाली. तेव्हापासून थोरली बहिणीला पाण्यात पाहत होती.

दोन्ही विषय फेरपरीक्षेत सुटले होते खरे. पण वर्षअखेरीस शाखा मिळायची ती एकूण गुणांच्या क्रमाने. धाकटी संगणक शाखा घेणार, हे घरात ठरल्यासारखेच होते. म्हणून थोरलीलाही संगणकच हवी होती. तुला खरंच आवडते का, असे आईने विचारले, तेव्हा "तिला चालते, मग मला काय धाड भरलीय?" एवढेच उत्तर मिळाले.

आजच्या प्रात्यक्षिकाला पन्नास गुण होते. लोखंडाचा तुकडा कानशीने घासून शंभर मिलिमीटर लांब आणि पन्नास रुंद करायचा. घरून निघताना थोरलीने धाकटीच्या पिशवीतली पोलादी पट्टी हळूच काढून आपली तिथे सरकवली. धाकटीची पट्टी चकचकीत, कोपऱ्यात बारीकशी खूण असलेली. धाकट्या बाईसाहेबांचे मोजमाप चुकत नाही ते या पट्टीमुळेच, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. मत्सराला एवढा पुरावा पुरतो.

तिने जीव ओतून काम केले. कानशीचा प्रत्येक हात सरळ जात होता. काटकोन तपासायचा गुण्या लावला की कडेखालून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती.

निदेशकांनी मापे घेतली. लांबी एकशे एक, रुंदी साडेपन्नास. त्यांनी पुन्हा घेतली, मग पट्टी मागितली, कोपऱ्यातली खूण पाहिली आणि चष्मा कपाळावर ढकलला. पट्टी ओतशाळेतली होती. वितळलेला धातू निवताना आकसतो, म्हणून साच्यासाठीचा लाकडी नमुना जरा मोठा करावा लागतो; त्यासाठी या पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर शंभरात एकाने मोठा आखलेला असतो. गेल्या आठवड्यात ती नमुन्याच्या कामासाठी धाकटीला दिली होती, आणि वर्गात पहिली येणारी मुलगी ती परत करायला विसरली होती.

"ही तुझ्याकडे कशी?"

"तिच्या पिशवीतून काढली, सर."

"न विचारता?"

थोरलीने मान हलवली. शेजारच्या टेबलावरची कानस थांबली होती.

"म्हणजे हातसफाई," निदेशक म्हणाले. "आणि ती पकडली गेली हाताच्या सफाईमुळे. दुसऱ्या कुणाचं काम इकडे जाड, तिकडे बारीक निघालं असतं. पट्टीचा संशयही आला नसता. तुझं मात्र सगळीकडे शंभरात एक. दहा गुण कापतोय. अर्धा तास आहे, जास्तीचं उतरव."

थोरलीने उतरवले. उरलेल्या चाळिसांपैकी तिला अडतीस मिळाले. धाकटीला पन्नासांपैकी एकोणतीस.

घरी जाताना धाकटी कोपऱ्यावर थांबली. मग म्हणाली, "पट्टी तुझी आहे, हे मला सकाळीच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू, तुझ्या पट्टीबरोबर तुझा हातही माझ्याकडे येतो का. माझी कानस झोके खाते गं."

आजवर कुणी थोरलीचा हेवा केला नव्हता. घर येईपर्यंत ती ते वाक्य मनात घोळवत राहिली, आणि त्यात बहिणीबद्दलची माया जेमतेम होती.

शाखावाटपाच्या दिवशी धाकटीने संगणक घेतली. थोरलीचा क्रम आला तेव्हा फळ्यावर संगणकाच्या दोन जागा उरल्या होत्या, यंत्र शाखेच्या नऊ. त्या दोन जागांकडे पाहताच तिचा जुना मत्सर जागा झाला. अशी दुखणी कानशीने घासून जात नाहीत. मागे उभी असलेली आई संगणक, संगणक असे पुटपुटत होती. धाकटीही आपल्याकडेच पाहते आहे, याची थोरलीने खात्री करून घेतली.

"यंत्र," ती म्हणाली.

लिपिकाने फळा पुसून नवा आकडा लिहिला. संगणक दोन, यंत्र आठ.