कागदावरची मदतनीस

आधीच्या कारखान्यात तिला 'तूर्तास मदतनीस' म्हणून घेतलं होतं. ते तूर्तास सहा वर्षं चाललं. दुसऱ्या महिन्यापासून शर्टांचं कापड तीच कापत होती, पण अनुभवाच्या दाखल्यावर कात्रीचं नावही नव्हतं. बाळंतपणात नोकरी सुटली. आता दहा महिन्यांची लेक नणंदेच्या कडेवर देऊन ती या नव्या कारखान्यात आली होती.

"कटर म्हणूनच लाग हं वहिनी," नणंदेने दारातून बजावलं होतं. "नाहीतर पुन्हा घोड्याचं काम आणि गाढवाचा चारा!"

अर्जात 'मागचं पद' आणि 'मागचा पगार' हे रकाने शेजारीशेजारीच होते. खोटं लिहायचा धीर झाला नाही. दोन्ही खरे भरले.

कटिंग मास्तरांनी हात पाहायला कापडाचा तागा अंथरून दिला. तिने पुठ्ठ्याचे साचे मांडले, कॉलर फिरवून बाहीच्या वळणात बसवली आणि वीतभर कापड वाचवलं. मास्तरांनी ती वाचलेली पट्टी उचलून भरतीच्या साहेबांपुढे ठेवली.

"हात चांगला आहे," साहेब म्हणाले. "पण दाखला मदतनिसाचा. तूर्तास त्याच जागेवर घेतो."

लेकीने दूध घेतलं असेल का, हे नेमकं तेव्हाच तिच्या मनात आलं.

"बरं. पण मदत कुणाला करायची? कटर कोण आहे?"

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं.

"कटर जाऊन दोन महिने झाले," मास्तर म्हणाले. "डोकंच नाही तिथे टोपी कुणाला घालताय, साहेब?"

साहेब हसले नाहीत. नेमणुकीच्या पत्रावरचं 'मदतनीस' खोडून त्यांनी वर 'कटर' लिहिलं. खाली पगार लिहिला: मागचा होता तो, वर दहा टक्के.

"कटरला तर याच्या दीडपट देतात ना?"

"तुमचा मागचाच कमी होता बाई. आमचा हिशेब तिथूनच सुरू होतो."

उठून गेलं तरी पुढच्या दारात हाच दाखला दाखवावा लागणार होता. तिने सहीसाठी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"खाडाखोड नको. नवीन छापून द्या, शिक्का मारून. हे पत्र मला पुढे दाखवायचंय."

"अजून रुजूही झाला नाहीत!"

"म्हणून तर आत्ताच मागतेय."

छपाईयंत्र गरम व्हायला वेळ लागला. ती उभीच राहिली.