हिरव्या झाकणाचा थर्मास

"ठेंगणी बाई, सत्तरीच्या आसपास, राखाडी लोकरीची टोपी," नॉर्मन म्हणाला. "सामन्याच्या दिवशी येते का इथं?"

चिप्सवर व्हिनेगर शिंपडणारा दुकानदार थांबला. "आजोबा, सामन्याच्या दिवशी इथं अर्धं लिव्हरपूल येतं. त्यातलं निम्मं ठेंगणंच असतं. आडनाव काय?"

"ते माहीत नाही. नाव ओल्वेन."

"राहते कुठं?"

"नदीपलीकडं कुठंतरी. बसनं येते."

"बायको पळाली का काय?"

रांगेतली माणसं हसली. नॉर्मनही हसला. चिप्सचा पुडा घेऊन तो बाहेर आला आणि गोदीच्या उंच भिंतीला टेकून उभ्याउभ्या खाऊ लागला. भिंतीपलीकडे फुटबॉलचं नवं स्टेडियम उन्हात चकाकत होतं. पुडा संपल्यावर त्यानं खिशातली वही काढली आणि पाचव्या नावावर काट मारली.

स्टेडियमपासून पंधरा मिनिटांच्या चालीत स्वस्तात पोट भरेल अशी नऊ ठिकाणं होती. घरच्या मैदानावरच्या दर सामन्याला एक, असा त्याचा हिशेब होता. आतल्या दुकानांत शोधण्यात अर्थ नव्हता. 'मैदानात खाणं म्हणजे दिवसाढवळ्या लूट,' हे ओल्वेनचं मत त्यानं बावीस वर्षं ऐकलं होतं.

नॉर्मन टॅन्सीनं चौतीस वर्षं पाण्याची मीटरं वाचली होती. लोखंडी झाकण उचलायचं, आकडा लिहायचा, झाकण लावायचं, पुढचं घर. कोणत्या घरात किती पाणी लागतं हे त्याला तोंडपाठ असे. आतल्या माणसांची चौकशी करण्याची वेळ कधी आली नाही, आणि पुढे ती सवयच राहिली नाही. लग्नही असंच राहून गेलं.

जुन्या मैदानावर त्याची खुर्ची एकशे चौदा, ओल्वेनची एकशे पंधरा. दोघांच्या समोर छताचा एक लोखंडी खांब होता. नॉर्मनला त्या खांबामागचा उजवा गोल दिसत नसे, आणि एका हाताच्या अंतरावर बसलेल्या ओल्वेनला नेमका मधला भाग दिसत नसे. मग ती सांगायची, "आला, आला, मारला… छे, आंधळाय मेला!" आणि तो सांगायचा, "मधे तिघं मोकळे उभेत." दोघांचा मिळून एक सामना होत असे. मध्यंतरात तिचा लाल थर्मास निघे आणि त्याच्या खिशातून चीज-कांद्याची दोन सँडविचं. थर्मासचं झाकण एकदा गोलच्या जल्लोषात उडून खुर्च्यांखाली कुठंतरी गेलं, तेव्हा पुढच्या सामन्याला त्यानं आईच्या जुन्या थर्मासचं हिरवं झाकण आणून दिलं होतं. "टिकलं तर तुमचं, गळलं तर माझं," तो म्हणाला होता. ते टिकलं.

शेवटची दहा मिनिटं राहिली की ओल्वेन उठे.

"आत्ता कुठं रंग भरतोय, आणि निघालात?"

"बस काय माझ्या मामाची आहे, थांबायला?"

तो स्वतः मात्र शेवटची शिटी वाजल्याखेरीज कधी उठला नव्हता.

मैदान बदलण्याच्या वर्षी क्लबचं पत्र आलं होतं: नव्या स्टेडियममध्ये शेजारी बसायचं असेल, तर दोघांनी एकमेकांचे सभासद क्रमांक मार्चअखेर कळवावेत. ते पत्र नॉर्मनच्या कोटात तीन सामने फिरलं. क्रमांक विचारायचा म्हणजे काहीतरी विचारल्यासारखंच होतं. तिला काय वाटेल? ती विचारेल, म्हणून तो थांबला. मार्च संपला. जुन्या मैदानावरच्या अखेरच्या दिवशी पुरुष लहान मुलांसारखे रडत होते, आणि ओल्वेन नेहमीप्रमाणे दहा मिनिटं आधी उठली.

"तिकडं भेटूच," ती म्हणाली.

"भेटूच," तो म्हणाला.

तिकडं पन्नास हजारांवर खुर्च्या होत्या.

नवं स्टेडियम सुंदर होतं, हे त्यानं प्रामाणिकपणे मान्य केलं होतं. कुठंही खांब नव्हता. गवताची पातीन् पाती दिसे. शेजारचा तरुण सामनाभर फोनमध्ये डोकं घालून बसे. त्याला काही सांगण्याची गरज नव्हती, आणि तोही काही सांगत नसे.

नोव्हेंबरातल्या सामन्याच्या दिवशी वहीतलं सहावं नाव आलं: टायरच्या दुकानामागचं पॉलीनचं कॅफे. इथं सकाळी ट्रकवाले न्याहारीला येत आणि दुपारी मटण-बटाट्याच्या रश्श्याचा मोठा वाडगा लाल कोबीच्या लोणच्यासह मिळे. नॉर्मननं पहिला घास घेतला, मान वर केली, आणि चमचा तसाच हातात राहिला. काउंटरमागच्या फळीवर, सॉसच्या बाटल्यांच्या रांगेत, लाल थर्मास उभा होता. झाकण हिरवं.

"तो कुणाचा?"

"तो होय? पहिल्या सामन्याला एक बाई ठेवून गेली," पॉलीन टेबल पुसत म्हणाली. "गेटवर आत नेऊ देईनात. म्हणाली, जाताना नेते. तीन महिने झाले, राजा."

"काही म्हणाली का?"

"म्हणाली, झाकण जपा, ते त्याचं मूळचं नाही. आणि कुणाला तरी शोधत होती. उंच माणूस, कोटाच्या खिशात सँडविचं घेऊन फिरतो, येतो का इथं? मी म्हटलं, अगं बाई, आडनाव काय त्याचं? तर तेच माहीत नाही तिला."

पॉलीनचं फडकं थांबलं. नॉर्मनच्या कोटाच्या खिशातून सँडविचं गुंडाळलेला चुरगळलेला कागद डोकावत होता, त्याकडे ती बघत राहिली.

"पुन्हा नाही आली?" त्यानं विचारलं.

"नाही. गुडघे धरून चालत होती बिचारी. अगदी वरची खुर्ची मिळालीय, चर्चच्या मनोऱ्यावर चढायचंय जणू, म्हणाली."

नॉर्मननं चमचा वाडग्यात ठेवून थर्मासकडे बोट केलं. मग म्हणाला, "जरा खाली देता का?"

आत चहाचा वास नव्हता, नुसती तळाशी वाळलेली तपकिरी कडा होती. त्यानं मोरीपाशी उभं राहून थर्मास तीनदा विसळला.

"यात चहा भरा. दोन चमचे साखर."

"तुम्हाला न्यायचाय?"

"नाही. फळीवरच ठेवा. पाच तास गरम राहतो."

पॉलीननं किटली उचलली.

त्या दिवशी ऐंशीव्या मिनिटाला, बरोबरी असताना, नॉर्मन उठला. शेजारच्या तरुणानं पहिल्यांदाच फोनमधून डोकं वर काढलं.

"आजोबा, आत्ता कुठं रंग भरतोय, आणि निघालात?"

"बस काय माझ्या मामाची आहे?" नॉर्मन म्हणाला आणि त्या पोराचे गुडघे ओलांडून जिन्याकडे वळला.

कॅफेत तो दाराकडे तोंड करून बसला. टेबलावर मधोमध थर्मास होता, अलीकडे एक सँडविच, पलीकडे एक. इतक्यात गोदीच्या भिंतीपलीकडून अशी गर्जना उठली की फळीवरच्या बश्या किणकिणल्या.

"आपला की त्यांचा?" पॉलीननं काउंटरमागून विचारलं.

"आपला," दारावरची नजर न काढता तो म्हणाला.

गर्जना ओसरली. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. नॉर्मननं हिरवं झाकण जरासं सैल केलं. आत अजून वाफ होती. त्यानं ते पुन्हा घट्ट बसवलं.