कड्यावरचे सहा स्क्रू

टेबलावर स्क्रू ठरावीक जोरानंच आवळायचे चार टॉर्क पाने होते. तीन नवे, नमुन्यादाखल आलेले, आणि एक जुना. शेजारी टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, मोजायची पेटी एक, रिकामी पितळी कडी दोन, स्क्रू बारा आणि कापसावर ठेवलेली, तडा गेलेली भिंगं चार.

डोळे तपासायच्या यंत्रांत लागणारी भिंगं या कारखान्यात बसवली जात. एक भिंग, एक कडं, कड्यावर सहा स्क्रू, आणि प्रत्येक स्क्रूला ०.६० न्यूटन-मीटर एवढाच पीळ. म्हणजे बाटलीचं झाकण लावायला लागतो त्याहूनही कमी जोर. कमी पडला तर भिंग हलतं, जास्त झाला तर कडेला केसाएवढा तडा जातो आणि आठवड्याभराचं काम मातीमोल होतं.

टेबलाशी बसलेल्या मुलीला कारखान्यात सगळे 'दशांश' म्हणत. पदार्थविज्ञान शिकून आलेली, आणि 'साधारण' हा शब्द तिला अजिबात खपत नसे. "साखर किती गं? दीड चमचा, की एक दशांश सत्तेचाळीस?" असं मावशी रोज विचारायच्या. मावशी म्हणजे एकोणीस वर्षं भिंगं बसवणाऱ्या बाई. सख्ख्या कुणाच्याच नव्हेत, पण मावशी सगळ्यांच्या. गेल्या आठ महिन्यांत त्यांच्या हातून चार भिंगं तडकली. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत मिळून दोन. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना बाकावरून उठवून खोके बांधायला बसवलं होतं.

"नवा पाना एकच घ्यायचाय, नीट पारखून सांग," मॅनेजरबाईंनी दशांशला बजावलं होतं. "आणि जुनाही मोजून बघ. तो चुकीचा निघाला तर मावशी परत बाकावर. बरोबर निघाला तर हाताचा दोष, मग खोकेच."

नव्यांची पारख करायला शुक्रवारची दुपार पुरली. पहिला पाना चकचकीत, पण त्याची मजल अर्ध्यापासून पाच न्यूटन-मीटरपर्यंत. ०.६० त्याच्या अगदी तळाशी, आणि तळाशी अशा पान्याचा भरवसा नसतो. धान्याच्या काट्यावर सोनं तोलायचा प्रकार. दहादा मोजला तर ०.५३ पासून ०.६८ पर्यंत कुठेही जाऊन बसत होता. दुसरा खास हलक्या कामाचा. ठरलेला पीळ आला की आपोआप घसरायचा, कितीही दाबला तरी पुढे जायचा नाही. दहाही वेळा ०.५९ ते ०.६१. तिसरा तबकडीवाला. त्याचा एक काटा सर्वांत जास्त लागलेल्या जोरावर थांबून राहायचा. अचूक होता, पण काम करताना डोळे सतत तबकडीवर ठेवावे लागत. घ्यायचा तर दुसरा, तिसरा फक्त तपासायच्या कामाचा, असं तिनं वहीत लिहिलं.

मग जुना घेतला. ठरलेला पीळ आला की 'टक' वाजणारा. पेटी सुरू करून दहा मिनिटं थांबली आणि मोजायला लागली. ०.७९. ०.७८. ०.८१. दहा वेळा मोजलं, एकदाही ०.७८ च्या खाली आला नाही. तोवर सगळे घरी गेले होते. तिला नाचावंसं वाटलं, पण आजूबाजूला बघायलाच कुणी नव्हतं.

शनिवारी सकाळी ती दादाकडे गेली. दादा तिचा मामेभाऊ. कारखान्याची हत्यारं त्याच्या ताब्यात असत. दर महिन्याला प्रत्येक पाना मोजायचा आणि नोंदवहीत सही करायची, हे त्याचं काम. तिला इथे चिकटवलं त्यानंच. "पाना मुठीत नाही, बोटांत धरायचा," हे शिकवलं त्यानंच, आणि पेटी तापू द्यायला दहा मिनिटं थांबायचं, हेही.

"दादा, मावशी सुटल्या! पानाच चुकलाय. थेट ०.७९!"

दादा चपलेचा पट्टा शिवत होता. सुई जागच्या जागी थांबली.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. पहिलं तुला."

"शहाणी आहेस." त्यानं पुन्हा सुई ओढली. "असं कर, सोमवारी सगळ्यांसमोर मोज. एकटीनं मोजलेलं कोण मानतंय?"

"अहो, पोरीला आधी चहा तरी घेऊ द्या," वहिनी आतून म्हणाली. दशांशनं दोन कप चहा घेतला. जाताना दादानं डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. रस्ताभर तिच्या मनात येत होतं, काय मुद्द्याचं बोलला दादा!

सोमवारी टेबलाभोवती पाच जण उभे राहिले. मावशी पदराला हात पुसत मागे. दहा मिनिटं झाली. दशांशनं पाना पेटीत बसवला आणि बोटांनी ओढला. टक. ०.६०.

तिनं पुन्हा ओढला. ०.६१. पुन्हा. ०.६०.

"झालं की मग," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"मॅडम, शुक्रवारी हाच पाना..."

"नवीन आहे पोर," दादा मधेच हसून म्हणाला. "पेटी तापू दिली नसेल. होतं असं सुरुवातीला."

बाकीचेही हसले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या खोक्यांकडे निघून गेल्या. त्या हाताचंच तिला जास्त लागलं.

सगळे पांगल्यावर तिनं पाना भिंगाखाली धरला. पीळ ठरवणारा बारीक स्क्रू मागच्या बाजूला होता. तो हलू नये म्हणून त्यावर लाल रोगणाचा ठिपका असे. ठिपका ओला नव्हता, पण नखानं दाबल्यावर खळगा पडला. जुना ठिपका असा दबत नाही. मग तिनं नोंदवही उघडली. आठ महिने, आठ सह्या. ०.६०, ०.६०, ०.६०, ०.६०. खरं मोजमाप कधी इतकं गोंडस नसतं.

हत्यारांच्या खिडकीशी दादा एकटाच होता.

"काल आला होतास तू इथे."

"हळू बोल."

"आला होतास की नाही?"

त्यानं खिडकीची फळी अर्धी ओढून घेतली. "आठ महिन्यांपूर्वी त्या पान्याची स्प्रिंग बदलली मी. पेटी तेव्हा दुरुस्तीला गेली होती. हाताच्या अंदाजानं लावला. माझा हात चुकत नाही कधी."

"आणि पेटी परत आल्यावर?"

"राहिलं. आज करू, उद्या करू. मग भिंगं फुटायला लागली. तेव्हा तोंड उघडलं असतं तर घरी बसावं लागलं असतं मला."

"म्हणून मावशींना खोक्यांवर बसू दिलंस?"

"मावशींचा पगार चालू आहे ना? खोके बांधून कुणी मरत नाही. आणि तू कोणाच्या जिवावर इथे आहेस, ते आठव जरा. आत्याला, तुझ्या आईला, काय सांगशील? ज्यानं नोकरी लावली त्याच्याच ताटात माती कालवली म्हणून?"

तिला खूप बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते इतकंच, "पेटी मी तापू दिली होती, दादा. दहा मिनिटं."

तो नजर चुकवून कुलपांच्या किल्ल्या मोजायला लागला.

ती तिथून निघाली ती जिन्यात जाऊन बसली. माणूस आतून वेगळा निघतो, हे तिनं वाचलं होतं. पण तो आपल्या घरातला असेल, टपली मारणारा असेल, असा हिशेब तिनं कधी धरला नव्हता. सांगून काय होणार? तिचा शब्द विरुद्ध त्याच्या आठ सह्या. पाना त्यानं दुरुस्त केला, पुरावाच संपला.

पाना दुरुस्त झाला. पण त्या पान्यानं आवळलेले स्क्रू? ते तर तसेच असतील. कुठे?

ती उठली. तयार मालाच्या कपाटात एक कडं सापडलं. अजून गिऱ्हाइकाकडे गेलं नव्हतं. पिशवीवर मावशींची सही आणि तीन आठवड्यांपूर्वीची तारीख. पिशवीचं तोंड बंद होतं. तिनं हात लावला नाही. मॅनेजरबाईंना बोलावलं, मावशींना बोलावलं आणि खिडकीपाशी जाऊन मोठ्यानं म्हणाली, "दादा, तूही ये. सगळ्यांसमोर मोजायचं, असं तूच म्हणालास ना!"

"आता काय नवीन नाटक?" मॅनेजरबाईंनी घड्याळ पाहिलं.

"दहा मिनिटं, मॅडम. मावशी, हे रिकामं कडं घ्या. याच जुन्या पान्यानं सहा स्क्रू आवळा, रोजच्यासारखे."

"माझा हात जड झालाय म्हणतात, बाई."

"जड तर जड. आवळा तुम्ही."

मावशींनी सहा वेळा टक वाजवलं. दशांशनं प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून कड्यावर एक बारीक रेघ मारली, स्क्रू थोडा सैल केला आणि तबकडीवाल्या पान्यानं रेघ रेघेला जुळेपर्यंत परत आवळला. स्क्रू पूर्वी जेवढ्या जोरानं बसला होता, तेवढ्यावर काटा थांबला. आकडे मॅनेजरबाईंनी स्वतः वाचले, स्वतः लिहिले. सरासरी ०.६०.

"म्हणजे हात ठीक आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"हो. याच हातानं, याच पान्यानं तीन आठवड्यांपूर्वी आवळलेलं कडं या पिशवीत आहे. आता पिशवी तुम्ही फोडा."

दादा दाराला टेकून उभा होता. तिनं एकदाच त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. तिनं पहिली रेघ मारली.

मॅनेजरबाई वाचत गेल्या, लिहीत गेल्या. ०.७८. ०.८०. ०.७९. ०.७७. ०.८१. ०.७९.

सहा स्क्रू. सरासरी ०.७९ न्यूटन-मीटर.