त्याच नावाने साठवलेले चेहरे

मित्रांनो, मी गुनसान बंदराजवळच्या एका फोटो स्टुडिओतला जुना संगणक आहे. आपली कहाणी सांगताना म्हातारे हळवे होतात म्हणे. मी होणार नाही. मला राग आला आहे, आणि तो गिळून टाकण्याइतका मी अजून थंड पडलेलो नाही.

मला इथे आणले जुन्या मालकांनी. माझ्यापुढे बसली प्यो सुनिम, फोटो सुधारणारी. बेटांवरची वयस्कर माणसे आमच्याकडे यायची. आपण गेल्यावर घरात ठेवायचा फोटो ती हयातीतच काढून घेत. खाऱ्या वाऱ्यात रापलेले ते चेहरे तयार स्टाइल, म्हणजे एका बटणात उजेड-रंग बदलणारी आयती मांडणी, लावली की पिठात बुडवल्यासारखे दिसत. म्हणून सुनिमने तीन वर्षे खपून स्वतःची स्टाइल बनवली. सावली उजळायची, पण सुरकुतीला हात लावायचा नाही. 'रापलेला चेहरा' या नावाने तिने ती माझ्यात साठवली. मग एकदा बटण दाबले की निम्मे काम होई, आणि उरलेला वेळ ती त्या माणसाच्या डोळ्यांना देई.

प्रत्येक फोटोच्या ती दोन फाइली ठेवायची. एक छपाईची, सपाट. दुसरी थरांची, तिच्यात केलेला एकेक बदल वेगळा राहतो आणि कधीही उलगडता येतो.

जुने मालक वारले आणि त्यांचा जावई गी तेजुन खुर्चीत बसला.

"सुनिमताई, या फाइली एवढ्या जड कशाला? छापून झालं ना, संपलं!"

"छापलेलं जळतं, भिजतं, मालक. थर असू द्या."

"आणि जागा काय तुमच्या माहेरून आणू?"

सुगीच्या सणाला सुनिम बहिणीकडे गेली. तेवढ्यात त्याने थरांच्या सगळ्या फाइली पुसल्या. तिची स्टाइल उघडली, तिच्यात कातडी गुळगुळीत करणारा बदल घातला आणि त्याच नावाने साठवायला सांगितली. मी विचारले होते, मित्रांनो! "या नावाची स्टाइल आधीच आहे. तिच्या जागी ही ठेवायची का?" त्याने वाचलेसुद्धा नाही. 'हो' दाबले. मग उरलेल्या सपाट फाइलींवरूनही तीच स्टाइल फिरवली आणि त्याही जुन्याच नावांनी साठवल्या. दोनशे दहा चेहरे! मला नाही म्हणता येत नाही, हेच माझे दुर्दैव.

सुनिम परतल्यावर त्याने तिला बाहेरच्या फोटोंच्या कामावर धाडले, म्हणून तिला यातले काही कळले नाही. हिवाळ्यात छू माल्ये आजी आली. तिचे घर जळाले होते. नवरा तीस वर्षांपूर्वी समुद्रात गेला होता. घोळक्याच्या एका फाटक्या फोटोतून सुनिमने त्याचा चेहरा उभा केला होता. तो फाटका फोटो आणि तयार केलेला, दोन्ही आगीत गेले.

"आधी पाण्यानं नेला, मग आगीनं. तुझ्याकडं तरी हाय ना गं, पोरी?"

"आहे ना आजी. बसा."

सुनिमने फाइल उघडली. पडद्यावर एक गोरापान, तुकतुकीत माणूस हसत होता.

आजी वाकून बघत राहिली. "हा कुणाचा नवरा?"

सुनिमने थरांची फाइल शोधली; ती नव्हती. तेजुन मागून म्हणाला, "अहो आजी, दहा वर्षांनी तरुण केलाय! लोक यासाठी मागं लागतात."

"मी असल्या तरुणाबरोबर नाही, माझ्या रापलेल्या नवऱ्याबरोबर संसार केला," आजी कडाडली. "भुवईवरची खोक कुठाय? गळ लागला होता त्याला. मी टाके घातले होते, या हातानं!"

सुनिमने दुसरी खुर्ची ओढली. "मालक, बाजूला व्हा. आजी, बोट ठेवा. खोक कुठे होती?"

"इथं. अंहं, वर. जरा वाकडी. माझे टाकेच वाकडे होते."

सहा दिवस आजी सकाळच्या बोटीने येत राहिली. सुनिमने एकेक रेघ नव्याने ओढली, दर थोड्या वेळाने साठवत, प्रत्येक वेळी वेगळ्या नावाने. सहाव्या दिवशी आजीने पडद्याकडे पाहिले आणि हातमोज्याच्या बोटांनी डोळे पुसले.

"हां. आता हा माझ्यावर खेकसेल."

फोटो आणि थरांची फाइल आजीच्या हाती देऊन सुनिम त्याच दुपारी काम सोडून गेली. तिची स्टाइल मात्र परत आली नाही. तीन वर्षांचे बारकावे तिलाही आठवले नाहीत.

मित्रांनो, कुणाच्या मेहनतीवर आपले काही ठेवण्याआधी त्या माणसाला विचारा. मूळ वेगळे जपा. माझ्या पोटात अजून दोनशे नऊ परके चेहरे हसताहेत. त्यांची माणसे अजून आलेली नाहीत. येतील तेव्हा त्यांना उत्तर द्यायला मला तोंड नाही. ज्याला आहे, तो आत बसून चहा पितो आहे.