निरोपाची पुडी

मी एक पुडी बोलतेय. मसाल्याची नाही, की औषधाच्या दुकानातली नाही. एका केसाच्या जाडीत माझ्यासारख्या शेकडो मावतील, तेव्हा मला शोधत बसू नका. शिकलेले लोक मला एक्सोसोम म्हणतात.

माझा जन्म एका पेशीच्या पोटातला. ती पेशी चपट्या बाटलीत, उबदार कपाटात राहायची. पेशींना तोंड नसतं, त्या एकमेकींना पुड्या पाठवतात. आधी लोकांना वाटायचं, पेशी केर बाहेर टाकतेय. कोणीतरी नीट बघितलं, तर आत निरोप निघाला. मग माणसांना सुचलं, की निरोप आपणच घालावा. शेजारच्या बाटलीतल्या पुड्यांत 'थांब' घातला, त्या कर्करोगाच्या पेशींकडे जायच्या. माझ्यात घातला 'भरून ये'. बाटल्या सांभाळणाऱ्या बाई आम्हाला निरोपच म्हणायच्या. तेच नाव पुढे वॉर्डातही गेलं.

मग मला कुपीत भरून गोठवलं. तो काळ सांगण्यासारखा नाही.

डबा उघडला तेव्हा मी वॉर्डात होते. खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी होती, घरचे तिला बारकी म्हणत. तिच्या मांडीतली कर्करोगाची गाठ काढली होती, पण किरणं दिलेली ती जागा काही केल्या भरत नव्हती. भरली नाही तर पाय कापावा लागेल, हे तिच्या आईला सांगून झालं होतं. औषध नवं आहे, अजून चाचणी चालू आहे, गुण येईलच असं नाही, हेही सांगून झालं होतं. आईने मान हलवली होती. एक्सोसोम हा शब्द तिला कळला नव्हता, पण विचारलं तर डॉक्टर चिडतील असं तिला वाटलं. न कळलेल्या गोष्टीला माणसं जास्तच मान हलवतात.

त्या दिवशी डॉक्टर दारातूनच सिस्टरला म्हणाले, "खिडकीजवळच्या मुलीला आज निरोप द्यायचाय."

आई रडली नाही. तिने बारकीचे केस विंचरले, चपला पिशवीत टाकल्या, चादरीची घडी केली.

"अहो ताई, कुठे निघालात?" सिस्टरने विचारलं.

"निरोप द्यायचाय ना? मग तिच्या घरी देऊ. इथे नको."

सिस्टरला आधी काही उमगलं नाही. उमगलं तेव्हा ती खाटेच्या कडेला बसलीच. तिने माझी कुपी आईच्या हातात ठेवली. "हा निरोप. जखमेला पाठवायचाय. कोणी कुठे जात नाहीये. चुकलं आमचं, आपसातला शब्द तुमच्यासमोर बोललो."

आईने कुपी मुठीत घट्ट धरली. तिच्या मुठीच्या उबेने मी वितळत गेले.

"काय निरोप आहे?" बारकीने विचारलं.

"जखमेला सांगायचं, भरून ये."

"मग आईलाच सांगू दे की. ती एकच गोष्ट शंभरदा सांगते."

आई हसली, आणि हसता हसता तिने चपला परत खाटेखाली ठेवल्या.

जखमेच्या कडेकडेने सुई टोचून आम्हाला सोडलं. पुढे गेलेल्या पुड्या एकेका पेशीत शिरल्या आणि संपल्या. उघडली की पुडी उरत नाही. त्यात वाईट वाटावं असं काही नाही.

पट्टी बदलताना डॉक्टर म्हणाले, कड गुलाबी दिसतेय. या वेळी आईने मान हलवली नाही.

"गुलाबी म्हणजे चांगलं की वाईट? मला कळेल असं सांगा."

"चांगलं. पण थोडीच कड आहे. अजून वाट बघावी लागेल."

"बघते," ती म्हणाली.

मागे राहिलेल्यांपैकी मी एक. समोरच्या पेशीचं दार किलकिलं झालंय. जाण्याआधी एवढंच मागणं, की आमचं नाव काहीही ठेवा, पण आईसमोर बोलताना वाक्य पूर्ण बोला. कोणाचा निरोप, कोणाला, आणि काय.

माझा जखमेला आहे. तो आता देते. तुमचा निरोप वेगळा घ्यायला नको, तो यातच आला.