लावला म्हणायच्या आधी

वायरमनने पहिल्या दिवशी पोलला हात लावला तो उलट्या पंजाने, आणि पोलवरच्या व्यायामाच्या क्लासमधल्या पाच बायका फिस्सकन हसल्या. बिचाऱ्यांना वाटलं, काका लाजतायत. काका लाजत होतेच, नाही असं नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाने मांड्या दिसतील अशी चड्डी घालून भिंतभर आरशासमोर उभं राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण हात उलटा लागला तो लाजेने नव्हे. सव्वीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला माणूस कुठल्याही लोखंडाला आधी उलटा पंजाच लावतो. सुलट्या हाताने धरलं आणि आत करंट असला तर मूठ आवळते, ती सुटत म्हणून नाही. पंजा उलटा असला तर झटक्यासरशी हात मागे येतो.

"काका, यात करंट नाहीये हो," दातांची डॉक्टर म्हणाली. क्लासमधली ही सगळ्यात बोलकी.

"तपासल्याशिवाय कुणी काही सांगू नये," वायरमन म्हणाला. म्हणाला खरा, पण आरशात मागे उभी असलेली बायको दिसली आणि त्याने मान खाली घातली.

त्याला इथे आणलं होतं तिनेच. टायरच्या दुकानावरचा हा लांबट हॉल. तीन चकचकीत पोल, जमिनीपासून छतापर्यंत ठोकलेले, खाली जाड गाद्या, आणि एका भिंतीवर खिळ्यांना टांगलेली रंगीत हुला हूपं. ती इथे चार महिने येत होती. आठ महिन्यांपूर्वी वायरमन खांबावरून पडला, टाचेचं हाड मोडलं, आणि घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी न्हाणीघरात घसरून बसला. त्याला उचलायला तिच्या दंडात जोर नव्हता. शेजारच्यांना हाक मारावी लागली. तिला त्याचा इतका संताप आला की पुढे त्याची टाच जुळल्याबरोबर तिने हा क्लास लावला. "परत पडलात तर एकटीने उचलेन," एवढंच तिने नवऱ्याला सांगितलं होतं.

आणि त्याला का आणलं? कारण वायरमन आता तक्रारींच्या फोनवर बसत होता. दिवसभर कान गरम करून घ्यायचा, "लाईट कधी येणार" ऐकायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन भाजीत मीठ जास्त आहे म्हणून कुरकुर करायची. सहा आठवड्यांनी चढण्याची परीक्षा होती. पास झाला तर परत लाईनवर; नापास झाला तर निवृत्तीपर्यंत फोन. टाच ठीक होती. पण आवारातल्या सरावाच्या खांबावर चार पायऱ्या चढला की त्याचे गुडघे लटलट कापायला लागत. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण बायकोला सांगावं कशाला लागतं?

तिला एकच गोष्ट माहीत नव्हती.

खांबावर काम करायची एक रीत असते. वर एक माणूस, खाली एक. वरच्याचा बेल्ट खांबाभोवती अडकवलेला असतो, पण मध्ये तारांचा आडवा लोखंडी अँगल आला की तो काढून अँगलच्या वर पुन्हा अडकवावा लागतो. तेवढे दोन क्षण माणूस नुसत्या हातापायावर असतो. म्हणून खालचा ओरडतो, "लावला?" वरचा हूक अडकवून ओढून बघतो आणि म्हणतो, "लावला." मगच मागे रेलायचं. दिवसातून पन्नास वेळा विचारायचं, पन्नास वेळा सांगायचं. सव्वीस वर्षांत वायरमनच्या जिभेला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या दिवशी खालून प्रश्न आला आणि तोंडातून उत्तर गेलं. हूक हातातच होता. तो मागे रेलला, आणि मागे काहीच नव्हतं.

दवाखान्यात चौकशीचे साहेब आले. कॉटशेजारी बसून त्यांनी विचारलं, "बेल्टने दगा दिला का?" वायरमनला इंजेक्शनची गुंगी होती, लाजही वाटत होती. तो म्हणाला, "हो." साहेबांनी लिहून घेतलं. बायको पायथ्याशी चहाचा कप घेऊन उभी होती. तिच्या हातातला कप बशीवर खडखडला, तो आवाज त्याच्या कानातून अजून गेला नव्हता.

कारण बेल्ट तिच्या हातचा होता. ती ज्या कारखान्यात काम करायची तिथे ताडपत्र्या, पोती आणि उंचावर काम करणाऱ्यांचे बेल्ट शिवत, आणि बेल्टच्या तपासणीच्या टेबलावर तीच बसायची. एकेक टाका बोटाने चाचपायचा, पट्टा ताणून बघायचा, आणि मग खडूची खूण. तिची खूण म्हणजे खूण. नवऱ्याचा बेल्ट तर ती दर महिन्याच्या एक तारखेला घरी पुन्हा तपासायची. चौकशी संपल्यावर ऑफिसने तो जुना बेल्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिला. तिने तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. सगळे टाके धड होते. हूक धड, कडी धड. दुसऱ्या रविवारी पुन्हा बघितला, तिसऱ्या रविवारी पुन्हा.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बेल्ट चांगलाच आहे, मग नवरा थापा मारतोय. तिच्या मनाला ते शिवलंसुद्धा नाही. तिने असा हिशोब मांडला की चूक आहे आणि आपल्याला ती दिसत नाही. म्हणजे आपली नजर गेली. तिने नवा चष्मा केला. नव्या चष्म्यातूनही चूक दिसेना. मग कारखान्यात जाऊन तिने मालकाला सांगितलं, मला ताडपत्र्यांकडे द्या, लोकांचे जीव आता माझ्या हाताखाली नकोत. एकोणीस वर्षांचं टेबल सोडून ती ताडपत्र्यांना दुमड घालत बसली.

वायरमन हे सगळं बघत होता. दर रविवारी ती पिशवी उघडायची आणि दर रविवारी तो पेपर तोंडापुढे धरायचा. खोटं बोलून वाचवलेली अब्रू आता तिच्या चष्म्याच्या काचेतून त्याच्याकडे बघत होती. नालायकपणाच तो, दुसरा शब्द नाही, आणि तो शब्द वायरमन स्वतःला रोज लावत होता.

तर क्लास. शिकवणाऱ्या बाई काटक होत्या, केस पुरुषी कापलेले, बोलणं तोंडावर. नवा माणूस आला की आधी त्याला हूप देत. "कंबर सुटली पाहिजे. कंबर आखडलेला माणूस पोलवर ओंडका होतो." वायरमनने हूप कमरेला लावलं, एक हिसका दिला, आणि ते सरळ खाली जाऊन पायात पडलं. पुन्हा दिला, पुन्हा पडलं. शेजारी बायको शंभर फेऱ्यांचा नाद लागलेली. तिची गाडी नेहमी साठ-सत्तरच्या आसपास अडायची.

"कंबर फिरवायची नाही काका, पुढे-मागे करायची," दातांची डॉक्टर म्हणाली.

"पुढे-मागे करायला मी काय झोपाळा आहे?"

पण दुसऱ्या आठवड्यात बारा फेऱ्या झाल्या, तिसऱ्यात तीस. बायको गालातल्या गालात हसली. आठ महिन्यांत ती त्याच्याकडे बघून हसली नव्हती.

पोलवर मात्र त्याचं बस्तान लवकर बसलं. इथे पकड कातडीची असते, म्हणून तर चड्डी आखूड. अंगाला तेल-क्रीम लावून यायचं नाही, हाताला खडूची पूड लावायची, पोल दोन नडग्यांमध्ये आवळायचा आणि हाताने वर ओढून घ्यायचं. नडग्या काळ्यानिळ्या होतात. त्याची तक्रार बाईंपाशी चालत नसे. बेल्ट नाही, हूक नाही, दोरी नाही. वायरमनला ज्या दोन क्षणांची भीती होती, ते इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत चालूच होते. पहिल्यांदा तो कमरेइतका वर गेला आणि गुडघे कापले. बाई म्हणाल्या, "कापू देत. आवळून ठेवा, मग कापा." पाचव्या आठवड्यात त्याने छताला बोट लावलं. पाचही बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वायरमन इतका खूष झाला की उतरताना त्याला खाली कुणी आहे की नाही हेही आठवलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आवारात तिघं होते: कागद घेतलेले साहेब, कंटाळलेले डॉक्टर, आणि खाली उभा राहायला एक जुना जोडीदार. वायरमन पडला त्या दिवशी खालून ओरडणारा हाच. वायरमनने खांबाला उलटा पंजा लावला आणि चढायला लागला. चौथी पायरी गेली, सहावी गेली. गुडघे गप्प. त्याला मनातून हसू आलं. हात कसे पकडतायत, पाय कसे बसतायत, सगळं अंगाला आपोआप कळत होतं. अँगल आला, तो वळसा घालून वर गेला, शेंड्याशी पोचला. वारा छान होता.

खालून जोडीदार ओरडला, "लावला?"

"लावला," वायरमन म्हणाला.

साहेबांनी कागदावर पेन टेकवलं. त्यांना खालून अँगलमुळे काही दिसत नव्हतं, आणि बघायची फारशी हौसही नव्हती. वायरमनने सहज कमरेकडे बघितलं. बेल्टचा पट्टा मांडीवर लोंबत होता. हूक त्याने एकदाही काढलेला नव्हता, म्हणजे एकदाही लावलेलाच नव्हता. जमिनीपासून शेंड्यापर्यंत तो क्लासमध्ये चढतो तसा मोकळा चढला होता.

हूक आता लावला असता तर कुणाला कळलं नसतं. एका हाताचं काम. लाईनवर परत जायचं, फोन सुटायचा, सगळं जिथल्या तिथे. त्याने हूक हातात घेतलासुद्धा. तेवढ्यात त्याच्या मनात आलं की आपण आत्ता दुसऱ्यांदा हूक न लावता 'लावला' म्हणालोय.

"नाही लावला!" तो वरून ओरडला.

"काय?" साहेबांनी मान वर केली.

"बेल्ट नाही लावला. सबंध चढताना नाही लावला."

जोडीदार खालून म्हणाला, "अरे, गप की!" पण बोलून झालं होतं. वायरमनने हूक लावला, ओढून बघितला, आणि रीतसर, अँगलशी काढत-लावत खाली उतरला. साहेब म्हणाले, "चढलात चांगले. पण हे मला नापासच लिहावं लागेल." त्यांनी लिहिलं. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

संध्याकाळी तो क्लासला गेला तेव्हा बायको आधीच आलेली होती. हूप कमरेवर फिरत होतं आणि ती मोठ्याने मोजत होती. "एक्केचाळीस. काय झालं? बेचाळीस."

"नापास."

"त्रेचाळीस. पाय कापले?"

"नाही. बेल्ट लावायचा विसरलो." आता नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. "त्या दिवशीही लावला नव्हता. हूक हातातच होता. बेल्टचं काही चुकलं नव्हतं. मी साहेबांशी खोटं बोललो."

हूप पडेल असं त्याला वाटलं. ते पडलं नाही. तिने मोजणं थांबवलं नाही, फक्त आवाज बारीक झाला. एक्कावन्न. बावन्न. साठ गेलं, सत्तर गेलं. दातांची डॉक्टर टाळ्या वाजवायला पुढे आली आणि तिचा चेहरा बघून मागे सरली. शंभरला तिने हूप धरलं, खिळ्याला टांगलं, चष्मा काढून पुसला.

"आठ महिने," ती म्हणाली. "आठ महिने मी तो पट्टा उजेडात धरत होते, आणि तुम्ही समोर पेपर वाचत होता."

ती चप्पल घालून निघून गेली.

चार दिवस वाढलंय, एवढाच शब्द, तोही भिंतीकडे बघून. तिला रडू यायचं ते ती नळ सोडून रडायची, आणि वायरमन बाहेर बसून ऐकायचा. तिसऱ्या दिवशी तिने कारखान्यात जाऊन आपलं टेबल परत मागून घेतलं. हे त्याला जोडीदाराच्या बायकोकडून कळलं. जुना बेल्ट पिशवीतून काढून तिने दाराशी खुंटीवर अडकवला होता. त्यावर खडूची ताजी खूण होती.

पाचव्या दिवशी ती क्लासला निघाली. तो चार पावलं मागून गेला. तिने जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. बाईंनी वायरमनला मधल्या पोलवर घेतलं. आज वर जाऊन हात सोडायचे, नुसत्या पायांवर बसायचं. खाली उभं राहायला बाई पुढे झाल्या, तेवढ्यात बायको म्हणाली, "मी राहते."

वायरमनने उलटा पंजा लावला. पूड लावून चढला. छताखाली पोचल्यावर मांड्या आवळल्या. खाली बायको दंड सावरून, पाय रोवून उभी होती.

"धरलंत?" तिने विचारलं.

जीभ तयारच होती. त्याने ती दातांखाली धरली. उजवा गुडघा बघितला, डावी नडगी बघितली, मग टाच.

"धरलं," तो म्हणाला.

"परत बघा."

त्याने परत बघितलं.