तिघांतला कोणता सुतारपक्षी

मेहुण्याच्या एका पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र जेमतेम अर्ध्या पानाचं. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस तो. कापड वाया घालवत नाही, तसे शब्दही नाही.

‘भाऊजी, डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय. नंतर दिसेल की नाही, डॉक्टर खात्री देत नाहीत. त्याआधी एकदा सुतारपक्षी बघावा म्हणतो. सिनेमे तीन निघाले, पण माझे डोळे एकालाच पुरतील. खरा सुतारपक्षी कोणता, ते तुम्ही सांगा. तुमचं वाचन आहे.’

शेवटच्या वाक्याने माझी झोप उडाली.

सुतारपक्षी हा आमच्या लहानपणच्या चित्रकथांतला वीर. दिवसा फर्निचरच्या दुकानात कारकून. संकट आलं की लाल तुऱ्याचा टोप घालून चोचीने भिंती फोडणारा. मात्र फोडण्याआधी तो तीनदा टकटक करायचा. आत कुणी कपडे बदलत असेल तर, असं त्याचं म्हणणं.

माझं आयुष्य ग्रंथालयात गेलं. टिपणं काढल्याशिवाय माझं मत बनत नाही. तिन्ही सिनेमे पुन्हा पाहिले. पहिल्यातल्या सुतारपक्ष्याचं पोट सुटलेलं आहे, पोशाखाची पाठीवरची चेन स्पष्ट दिसते आणि चोच लागण्याआधीच भिंत पडते. पण टकटक करतो. दुसऱ्याला पिळदार दंड आहेत, टकटक नाही. तो शहर वाचवतो. त्यासाठी निम्मं पाडतो. तिसरा भिंतीसमोर उभा राहून मेलेल्या बापाशी बोलतो आणि अगदी शेवटी एकदाच टकटक करतो. माझ्या अंगावर काटा आला. अभिनय घ्या, संवाद घ्या, तिसराच श्रेष्ठ.

तसं लिहिलं आणि फाडलं. श्रेष्ठ म्हणजे खरा का? मग पहिल्याचं नाव लिहिलं, तेही फाडलं. पहिला आम्ही तिघांनी मिळून पाहिला होता. माझी बायको, म्हणजे मेहुण्याची बहीण, आमच्या मधल्या खुर्चीत बसून त्या चेनला इतकी हसली, की पुढच्या रांगेतला माणूस जागा बदलून बसला. आता ती नाही. पण आपली बायको हसली, हा काही निकष नव्हे.

लेक घरी आली तेव्हा टेबलावर चिटोऱ्यांचा ढीग होता.

“बाबा, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे मामाचं. तुमचा निकाल कधी लागणार?”

“गुणवत्तेने तिसरा. पण...”

“तिसरा? अहो, त्यात दिसतं काय! माझे डोळे धडधाकट, तरी मध्यंतरापर्यंत मला वाटत होतं पडदाच बिघडलाय.”

“ती कथेची गरज आहे. दुःखाचा अंधार.”

“अंधार मामाच्या घरचाच आहे हो सध्या.”

मी टिपणं चाळली. हा मुद्दा माझ्या एकाही टिपणात नव्हता. पहिल्या सिनेमावाल्यांकडे दिव्यांना पैसे नसावेत. त्यातली रात्रसुद्धा भर दुपारी उरकलेली आहे. खलनायक रणरणत्या उन्हात कंदील घेऊन वाट शोधतो.

“आणि तो एकटाच बघणार का?” लेकीने विचारलं.

“मला कुठे बोलावलंय त्याने?”

“तुम्ही पण ना, बाबा! पत्र कशाला लिहिलंय मग? एवढे सिनेमे पाहिलेत, जा आणि टकटक करा.”

ती स्वयंपाकघरात गेली. मी नवा कागद घेतला.

‘पहिला. त्यात रात्रीही लख्ख ऊन आहे. चेन दिसेल. शिवण कशी आहे ते मला कधीच कळलं नाही, तू बघून सांग. रविवारी सिनेमा घेऊन येतो. मधली खुर्ची रिकामी ठेवू.’

‘माझ्या मते’ हे शब्द घालायचे राहिले, हे टपालपेटीपाशी लक्षात आलं. पाकीट चिकटवून झालं होतं. बराच वेळ उभा राहिलो. मागे एक बाई तिचं पत्र घेऊन थांबली होती. तिला अडचण नको, म्हणून टाकलं.